थीसिसचे गाईड झालात? आधी कागद-पेन घ्या

डीएनबी फॅमिली मेडिसिनची (एमबीबीएसनंतरचा पदव्युत्तर कोर्स) पहिली विद्यार्थिनी थीसिससाठी माझ्याकडे आली, तेव्हा कोथरूडात वीस वर्षं ओपीडी करूनही ‘पी व्हॅल्यू’ (संख्याशास्त्रातला एक आकडा) म्हटलं की मी चहा मागवायचो.

तुमचंही तसंच असेल तर विषय आपल्या ओपीडीतूनच उचला. तिला ‘मधुमेह आणि जीवनशैली’ करायचं होतं. म्हटलं, अगं, यात तुझी ३ वर्षं संपतील! शेवटी प्रश्न उरला तो एवढाच: आपल्याकडच्या बीपीच्या पेशंटपैकी किती जण गोळ्या चुकवतात?

मग पेशंट किती लागतील ते स्वतः काढा. ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. इथे पी म्हणजे गोळ्या चुकवणाऱ्यांची अंदाजे टक्केवारी. माहीत नसेल तर ५० धरा. क्यू म्हणजे १०० वजा पी. डी म्हणजे उत्तरात चालवून घेता येईल एवढी चूक. ती १० टक्के धरली तर १०० पेशंट. ५ वर आणली की थेट ४००! हे मी तिच्यासमोर दोनदा चुकवलं. त्यानंतर तीही बिनधास्त विचारू लागली.

संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय ना, हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका. आमचे बारा वाया गेले.

संख्याशास्त्रवाल्या मित्राला फोन करायचा तो माहिती गोळा करण्याआधी. नंतर तो नुसता हळहळतो.