घरी मशीनने केस कापताना या चुका टाळा

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा माझी कटिंग आधीच आठवडाभर लांबली होती. राज्यात सलून सरसकट उघडायला २८ जून उजाडला, आणि तेव्हाही परवानगी केस कापण्याची होती, दाढीची नव्हती. मधल्या तीन महिन्यांत घरातल्या ट्रिमरने मी स्वतःचे, वडिलांचे आणि मुलाचे केस कापायला शिकलो. एप्रिल २०२१ मध्ये सलून पुन्हा बंद झाली तोवर हात बसला होता. त्या काळात केलेल्या आणि ओळखीपाळखीच्या डोक्यांवर पाहिलेल्या चुका लिहून ठेवतोय. त्यातल्या बहुतेक मशीन सुरू करायच्या आधीच टाळता येतात.

नंबर आणि मिलिमीटरची गल्लत

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. सलूनमध्ये आपण सवयीने सांगतो, "बाजूला तीन नंबर मारा." तो नंबर केस कापायच्या मोठ्या मशीनला लागणाऱ्या प्लास्टिकच्या कंगव्याचा असतो आणि इंचाच्या आठव्या भागात मोजला जातो. १ नंबर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण १०, ४ म्हणजे १३ आणि ८ नंबर म्हणजे २५ मिलिमीटर, पूर्ण एक इंच.

लॉकडाऊनमध्ये मात्र बहुतेकांच्या हाताशी होता तो दाढीचा ट्रिमर. अत्यावश्यक नसलेल्या वस्तू ऑनलाइन मागवता येत नव्हत्या, त्यामुळे घरात असेल त्यावरच काम भागवायचं होतं. या ट्रिमरच्या चाकावरचा आकडा बहुधा सरळ मिलिमीटर असतो, आणि काहींवर तोही नसतो, नुसते टप्पे असतात. मी चाक ३ वर ठेवलं आणि उजव्या कानापासून वर नेलं. मला हवे होते १० मिलिमीटर, राहिले ३. खालची कातडी स्पष्ट दिसत होती आणि डोक्याची उरलेली बाजू तीन बोटं वाढलेली.

म्हणून आधी माहितीपुस्तिका काढा. ती हरवली असेल तर पट्टी घेऊन कंगव्याच्या टोकापासून पात्यापर्यंतचं अंतर मोजा, अंदाज येतो. सुरुवात कायम सगळ्यात मोठ्या मापाने करा. एकदा पूर्ण डोकं फिरवून झालं की हात फिरवून बघा, मग एक माप खाली या. दाढीच्या अनेक ट्रिमरचं सगळ्यात मोठं माप १० मिलिमीटरच असतं, म्हणजे डोक्यावरचे केस लांब ठेवायचे असतील तर वरच्या भागाला तो लावूच नका. बाजू आणि मागचा भाग मशीनने, वरचा कात्रीने.

तेल लावलेले किंवा ओले केस

आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतंच. तेलकट केस एकमेकांना चिकटून झुपक्याने कंगव्यात शिरतात, काही कापले जातात, काही आडवे पडून निसटतात. ओल्या केसांचंही तेच. शिवाय ओला केस लांब भासतो आणि वाळल्यावर आखडतो. आदल्या दिवशी डोकं धुवा, केस पूर्ण वाळू द्या, कंगव्याने गुंता काढा आणि मग मशीन लावा. सलूनवाले पाणी फवारतात ते मुख्यतः कात्रीच्या कामासाठी. मशीनला कोरडे केस लागतात.

घाईने आणि एकाच दिशेने फिरवणं

मशीन केसांच्या वाढीच्या उलट दिशेने न्यायचं असतं. बाजूला आणि मागे म्हणजे खालून वर. पण डोक्यावर जिथे भोवरा असतो तिथे केस गोल फिरतात, त्यामुळे कुठल्याही एका दिशेने नेलं तरी काही केस सुटतात. तिथे समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार हात मारावे लागतात, आणि तेही बाकीपेक्षा एक माप मोठं ठेवून. भोवऱ्याजवळ केस फार बारीक झाले तर ते ताठ उभे राहतात आणि मग आठवडाभर पाणी लावूनही बसत नाहीत.

वेग कमी ठेवा. लॉन कापायच्या यंत्रासारखं सरसर नेलं की पात्यांना सगळे केस धरायला वेळच मिळत नाही. दाढीच्या ट्रिमरचं पातं जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद, त्यामुळे पट्टे राहतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे.

आणखी एक. मधेच कंगव्यात केस अडकतात, म्हणून आपण तो काढून झटकतो आणि गप्पांच्या नादात बिनकंगव्याचं मशीन पुन्हा डोक्याला लावतो. आमच्या सोसायटीत हे दोघांचं झालं. मी मशीन बंद केल्याशिवाय कंगवा काढत नाही, आणि पुन्हा चालू करण्याआधी तो अंगठ्याने दाबून बघतो.

केसांत पायऱ्या पडणं

बाजूचे केस बारीक आणि वरचे मोठे, मधे सरळ रेघ. टोपी घातल्यासारखं दिसतं ते यामुळेच. मशीन डोक्याला टेकवून सरळ वर नेत राहिलं की ते डोक्याच्या गोलाईवर चढतं आणि वरचे केसही खातं. पातेल्याच्या कडेवरून डाव बाहेर काढावा, तसं कानाच्या वर तीन-चार बोटांवर मशीन हळूहळू डोक्यापासून बाहेर काढायचं. मग मधल्या पट्ट्याला मधलं माप. खाली ६ मिलिमीटर आणि वर १३ असेल तर सीमेवर १० मिलिमीटरने छोटे छोटे हात मारा. पायरी तरीही दिसली तर तिथे बोटांत केस धरून कात्रीने टोकं घ्या.

मागचा भाग आरशात बघून कापणं

सगळे सांगतात, दोन आरसे घ्या. मीही घेतले. बाथरूमचा एक, हातात एक. पण दोन आरशांमधून बघताना एक हात आरशात अडकतो, दुसरा हात उलट दिशेने हलतोय असं वाटतं, आणि नजर आरशात असली की हाताचा दाब बदलतो. मशीन तिरकं होतं, कंगव्याचं एक टोक उचललं जातं आणि खड्डा पडतो. मागचे केस डोळ्यांनी नाही, बोटांनी कापायचे. मोकळ्या हाताची चार बोटं मशीनच्या पुढे डोक्यावर टेकवा, बोटांना जिथे जाड लागेल तिथे मशीन न्या, पुन्हा बोटं फिरवा. आरसा फक्त शेवटी तपासायला. जूनअखेर मी सलूनमध्ये गेलो तेव्हा मुद्दाम लक्ष दिलं. आमचे कारागीर प्रत्येक हातानंतर डाव्या हाताची बोटं मानेपासून वर फिरवत होते. वीस वर्षं त्यांच्याच खुर्चीत बसतोय, पण आधी कधी जाणवलं नव्हतं.

मानेवरची रेष हा एकच भाग मी स्वतः करत नाही. ती स्वतः करताना दर वेळी थोडी वर सरकते. डावी बाजू जुळवायला उजवी, उजवी जुळवायला डावी, असं करत ती कानाच्या पातळीवर पोचते. केस जिथे नैसर्गिकपणे संपतात त्याच्या फार तर अर्धं बोट वर थांबायचं. बायकोला मी सांगतो, "अगं, रेष आखू नकोस, फक्त खालचे उडालेले केस काढ." एवढंच. घरात कुणी नसेल तर रेष काढूच नका, मागे सगळ्यात लहान माप लावून खालून फक्त दोन बोटं वर या आणि सोडून द्या. कल्ले सारखे करताना कानाकडे बघू नका, कारण बऱ्याच जणांचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात. दोन्ही हातांची तर्जनी कल्ल्यांच्या टोकाला ठेवून समोरच्या आरशात बघा.

मशीनच कुरकुरतं तेव्हा

केस ओढल्यासारखं दुखत असेल तर पहिला संशय चार्जिंगवर. बॅटरी उतरली की पाती मंदावतात आणि केस कापायच्या आधी धरतात. पूर्ण चार्ज करूनच बसा, अर्ध्यात बंद पडलेलं डोकं फार वाईट दिसतं. चार्ज भरलेला असूनही ओढत असेल तर पाती कोरडी पडलीत किंवा दातांत केस अडकलेत. ब्रशने साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा मिनिट चालवा आणि जादा तेल पुसा. खोबरेल टाकू नका, ते थंडीत गोठतं आणि पात्यांत चिकटा धरतं. पाती फार गरम झाली तर पाच मिनिटं थांबा. वडिलांची कातडी पातळ आहे, त्यांना चटका लगेच लागतो, म्हणून मी मधूनमधून पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघतो.

वायरवालं मशीन अचानक मोठ्याने खडखडत असेल तर बाजूला एक स्क्रू असतो, तो खडखड थांबेपर्यंत किंचित सैल करा. पाती खोलून साफ केलीत तर परत बसवताना हलणाऱ्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या जरा मागेच राहिले पाहिजेत. पुढे आले तर कातडी चावतात. परदेशातल्या नातेवाइकाने दिलेलं मशीन असेल तर त्यावरचे व्होल्ट वाचा. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं वायरवालं मशीन आपल्या २३० व्होल्टला लावलं की जळतं, आणि पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज कमी होत नाही.

डोक्यावर तीळ किंवा चामखीळ कुठे आहे ते आधी बोटांनी शोधून ठेवा. तिथे कंगव्याशिवाय पातं लावू नका. एकाच मशीनने घरातल्या सगळ्यांचे केस कापायचे तर दर डोक्यानंतर पाती स्पिरिटने पुसा. नायटा असाच पसरतो. कापलेले केस बाथरूमच्या जाळीत सोडू नका. गॅलरीत जुनं बेडशीट अंथरून बसलं की झटकून कचऱ्यात टाकता येतात.

खड्डा पडलाच तर

पहिलं काम, मशीन बंद करा. घाबरून दुसरी बाजू जुळवायला जाल तर सगळंच ३ मिलिमीटरवर येईल. थांबलं की खड्डा भरून येईल असं वाटतं, पण बाजूचे केसही तेवढेच वाढत असतात, फरक तसाच राहतो. उपाय असा: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आज ३ मिलिमीटर उरलेला पट्टा तीन आठवड्यांत दहाच्या आसपास पोचतो. त्या दिवशी त्या भागात १० मिलिमीटरचं माप लावून सगळ्यावरून फिरवा. खड्ड्याला मशीन स्पर्शही करत नाही, बाजूचे केस खाली येऊन त्याला मिळतात. माझा कानावरचा पट्टा बरोबर बाविसाव्या दिवशी दिसेनासा झाला. तोवरच्या ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगना मी खुर्ची थोडी वळवून बसलो.