सभेला जाण्याआधी उसाचं बिल वाचायला शिका
पक्षाचं काम करता करता पंचवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी विरोधात गेली. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळवा पट्ट्यात नवी पोरं कामाला आली की मी त्यांच्या हातात आधी जाहीरनामा देत नाही, उसाचं बिल देतो. पाच मिनिटांत हिशेब जमला तरच माईक.

ही अट माझ्याच फजितीतून आली. एका गावात देवळासमोर सभा होती. मी आवाज चढवून सांगितलं, "ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल, नाहीतर १५ टक्के व्याज! आमचं सरकार आलं की वसूल करून देऊ!" टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातनं चार घड्यांचं बिल काढलं. "माझं किती निघतंय, सांगा की." मला सांगता येईना. त्यानं कागद परत घडी घालून खिशात ठेवला. "म्हंजे तुमचंबी तसंच."

तेव्हापासून फळा नेतो. ४० टन ऊस, तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,८०० धरले तर १,१२,००० रुपये. ६० दिवस उशीर झाला की वर्षाला १५ टक्क्यांनी साधारण २,७६० रुपये व्याज. हा आकडा लिहून थांबायचं नाही. १,३५० च्या भावानं डीएपी खताची दोन पोती, असं खाली लिहायचं. शिवाय बिल लांबलं आणि गावच्या सोसायटीचं कर्ज फेडायची मुदत चुकली की पीककर्जाची शून्य टक्क्याची सवलतही हातची जाते. हे बायकांना लगेच कळतं, कारण घरात ओढाताण त्यांचीच होते. त्यांना मागं बसवू नका.

मगच आपला पर्याय, आणि तो एका वाक्यात. व्याजाची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहेच, ती आपण शोधल्याचा आव आणायचा नाही. आपलं म्हणणं एवढंच: शेतकऱ्याला व्याज मागायला लागू नये, ते बिलाबरोबरच खात्यावर जमा व्हावं आणि किती दिवस उशीर झाला ते बिलावर छापलेलं असावं. सरकारला शिव्या घालण्यात वीस मिनिटं घालवलीत तर हे ऐकायला माणूस उरत नाही. दोन मिनिटं टीका पुरे.

प्रश्न ठरलेले असतात. "तुमची सत्ता होती तवा काय केलं?" याला फाटे फोडू नका. नाही केलं, चुकलं, म्हणा आणि पुढं चला. "कारखान्याकडं पैसं नसलं तर?" हा खरा अवघड. २०१९ ला साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये झाला आणि कित्येक वर्षं तिथंच राहिला. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, मात्र टनाला २,७५० वरून २०२५-२६ ला ३,५५० वर गेली. कारखान्याचं रडणं अगदीच खोटं नसतं. हे दोन्ही दर केंद्र ठरवतं, तेही सांगून टाका. राज्यात आपल्या हातात वसुली आहे, तेवढ्याचंच बोला.

एक नाजूक बाब. आपल्याच व्यासपीठावर कुठल्यातरी कारखान्याचा संचालक बसलेला असतो. त्याच्या कारखान्यानं व्याज दिलंय का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. नसेल दिलं तर त्याला खाली बसवा. रुसेल. रुसू दे.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच मुलखात इंग्रज असताना न्यायनिवाडे करून दाखवले होते, नुसती पत्रकं वाटली नव्हती. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण दहा शेतकऱ्यांचे व्याजाचे अर्ज लिहून कोल्हापूरच्या साखर सहसंचालक कार्यालयात देता येतात. पोच घ्या, तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका, आणि पुढच्या ग्रामसभेत अर्जाचं काय झालं ते सांगा. काहीच झालं नसेल तर तसं सांगा.

त्या म्हाताऱ्याकडं मी पुढच्या हंगामात गेलो. ओट्यावर बसून हिशेब करून दिला. त्यानं तो नातवाला मोबाईलवर तपासायला लावला. चार रुपयांचा फरक निघाला. नातवाचं बरोबर होतं.