दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, हे पटेल असं कसं लिहायचं

ॲनिमेशनमधल्या एखाद्या कल्पनारम्य चित्रपटाचा सीक्वेल पहिल्या भागाला मागे टाकतो, तेव्हा फॅन भरभरून लिहितात. पण त्यातलं बरंचसं कौतुक ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आला’, ‘पहिल्यापेक्षा शंभरपट भारी’ इथेच थांबतं. ज्याला चित्रपट आधीच आवडलाय तो मान डोलावतो. ज्याने तो पाहिलेला नाही, किंवा ज्याचा जीव पहिल्या भागात अडकलाय, त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला पटवायचं असेल तर दोन्ही चित्रपटांतले एकाच कामाचे प्रसंग शोधावे लागतात, ते शेजारी-शेजारी ठेवावे लागतात आणि फरक नेमका कुठे पडला ते दाखवावं लागतं.

पाहण्याआधी

पहिला भाग पुन्हा पाहा. आठवणीवर विसंबू नका. आठवणीत फक्त लाडके प्रसंग उरलेले असतात आणि रेंगाळलेली मधली वीस मिनिटं पुसली गेलेली असतात. उलटंही होतं: सीक्वेल नुकताच पाहून झालेला असतो, त्याची झिंग उतरलेली नसते आणि पहिला भाग उगाच फिका वाटू लागतो. दोन्ही भाग दोन-तीन दिवसांच्या आत, क्रमाने पाहा. दुसरा भाग दोनदा पाहा. पहिल्यांदा फक्त पाहायचा, दुसऱ्यांदा वही घेऊन बसायचं.

टीव्हीवर पाहणार असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ची सेटिंग बंद करा. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात, पण ती चित्राच्या सेटिंग्जमध्येच सापडते. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा असतो आणि ही सेटिंग दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घालते. एरवी त्याने चित्र नुसतं गुळगुळीत दिसतं, पण आजच्या अनेक ॲनिमेशनपटांत त्यामुळे थेट दिग्दर्शकाचा निर्णयच पुसला जातो.

‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’ (2022) हे याचं उत्तम उदाहरण. त्यातले मारामारीचे प्रसंग मुद्दाम ‘ऑन टूज’ केलेले आहेत. म्हणजे पात्राची एक मुद्रा दोन फ्रेम तशीच धरून ठेवायची, त्यामुळे सेकंदाला 24 ऐवजी 12 मुद्रा दिसतात. तलवारीचा वार त्यामुळे चित्रकथेच्या पानावरच्या चित्रासारखा ठसतो. शांत प्रसंगांत हालचाल पुन्हा सलग होते. स्मूदिंग चालू असेल तर हा फरक दिसत नाही, किंवा दिसला तरी काहीतरी अडखळतंय असं वाटतं आणि लोक लिहितात की ॲनिमेशन मध्येच खराब होतं.

हे स्वतः तपासता येतं. संगणकावर व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘ई’ची कळ दाबली की चित्रपट एकेक फ्रेम पुढे सरकतो. उडी किंवा वार सुरू होताना थांबवा आणि मुद्रा बदलायला किती वेळा कळ दाबावी लागते ते मोजा. दर दुसऱ्या वेळी बदलत असेल तर ते ‘ऑन टूज’. पार्श्वभूमीकडे पाहू नका, फक्त पात्राकडे पाहा. कॅमेरा दर फ्रेमला हलत असू शकतो. यूट्यूबवरच्या क्लिपमध्ये व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. मात्र ती क्लिप 30 फ्रेमची करून चढवलेली असेल तर मोजणी चुकते, कारण काही फ्रेम दुहेरी झालेल्या असतात. अशा क्लिपवरून काही छातीठोक लिहू नका.

नोंदी

पानावर चार रकाने आखा: वेळ, काय घडतं, पहिल्या भागातला जोडीचा प्रसंग, काय बदललं. दुसरा रकाना एका ओळीत संपवा. तिसरा रिकामा राहिला तरी चालेल. सगळा चित्रपट संपेपर्यंत पंधरा-वीस नोंदी पुरेत. लिहिताना त्यातल्या तीनच वापरायच्या आहेत, म्हणून निवडायला वाव हवा.

जोड्या कशा शोधायच्या

लेखाचा जीव इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

सर्वांत भक्कम जोडी अशी, की पहिल्या भागात ज्या गोष्टीने नायक जिंकला तीच दुसऱ्या भागात त्याला पुरत नाही. ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ (2010) मध्ये नायक हिकप विश्वासाच्या बळावर टूथलेस या ड्रॅगनला जिंकतो आणि शेवटी ड्रॅगनचा द्वेष करणाऱ्या वडिलांचंही मन वळवतो. 2014 च्या दुसऱ्या भागात तो हाच उपाय घेऊन खलनायक ड्रॅगोकडे जातो: बोलून त्याचं मन बदलता येईल, अशी त्याची खात्री असते. ड्रॅगो बधत नाही. आणि इतर ड्रॅगनना हुकमात ठेवणाऱ्या महाकाय बेविल्डरबीस्टच्या ताब्यात गेलेल्या टूथलेसच्याच वारातून हिकपच्या वडिलांचा, स्टॉइकचा मृत्यू होतो. पहिल्या भागाने चुकतं करायचं ठेवलेलं देणं दुसरा भाग इथे व्याजासह वसूल करतो. हा मृत्यू एखाद्या नव्या राक्षसाच्या हातून झाला असता तर तो फक्त दुःखद ठरला असता. टूथलेसकडून होतो, म्हणून पहिल्या चित्रपटातली मैत्रीची सगळी दृश्यं त्या एका क्षणावर ओझं होऊन बसतात. ‘दुसरा भाग जास्त भावनिक आहे’ असं मोघम न लिहिता हे लिहा.

दुसऱ्या प्रकारची जोडी म्हणजे तीच जागा, वेगळा माणूस. ‘पुस इन बूट्स’ (2011) मध्ये नायक पुस हा तलवारबाज बोका बारमध्ये निर्धास्तपणे शिरतो आणि त्याचा रुबाब आपल्याला लगेच कळतो. ‘द लास्ट विश’मध्ये लांडगा त्याला बारमध्येच गाठतो. पुसच्या हातची तलवार जाते, कपाळावर जखम होते, रक्ताचा ओघळ येतो आणि तो पळ काढतो. जागा तशीच ठेवल्यामुळे घसरण मोजता येते. नऊपैकी आठ आयुष्यं संपलेली आहेत, हे डॉक्टरने आधी सांगितलेलं असतं, पण ते पुसला आणि आपल्याला खरं वाटतं ते या बारमध्ये.

तिसरा प्रकार हळुवार असतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: एकच नातं, एकाच प्रकारची कृती. चिनी ‘न चा’ (2019) मध्ये आई चिलखत घालून न चाबरोबर पायाने उडवायचा खेळ खेळते, कारण त्याची ताकद तिला झेपणारी नाही. ‘न चा 2’ (2025) मध्ये त्याच्या अंगातून काटे बाहेर आलेले असतात आणि तरीही ती त्याला मिठीत घेते. लेकराजवळ जायचं तर इजा होणार, ही गोष्ट पहिल्या भागात खेळकरपणे मांडलेली होती. दुसऱ्या भागात तिची पूर्ण किंमत मोजली जाते. पहिला भाग ज्याने पाहिलाय त्याला हे दृश्य वेगळ्या ठिकाणी लागतं.

खलनायकांची तुलनाही याच रीतीने करा. कुणाची ताकद जास्त, याला महत्त्व देऊ नका. खलनायक नायकाच्या कोणत्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो ते पाहा. ‘कुंग फू पांडा’ (2008) मधल्या खलनायक ताय लुंगला नायक पो हा पांडा योद्धाच वाटत नाही, इतकाच त्यांचा झगडा. 2011 च्या दुसऱ्या भागातला मोर शेन हा पोच्या जन्मदात्यांच्या ताटातुटीला जबाबदार आहे. त्यामुळे त्याच्यावर विजय मिळवण्याआधी पोला स्वतःच्या आठवणीशी निभावून न्यावं लागतं. सुरुवातीला पोचा गुरू शिफू पाण्याचा थेंब झेलून दाखवतो आणि शेवटी पो तोफेचे गोळे त्याच हालचालीने परतवतो. इथे जोडी एकाच चित्रपटाच्या आत तयार होते. अशा नोंदीला तिसरा रकाना रिकामा राहिला तरी ती ठेवावी.

जोडी मिळत नसेल तर ओढूनताणून लावू नका. दोन्ही भागांत पाठलाग आहे, एवढ्यावर जोडी होत नाही. पहिला प्रसंग वगळून पाहा. दुसऱ्याचा अर्थ जसाच्या तसा राहत असेल तर ते नुसतं साम्य आहे.

तंत्राचं श्रेय आणि निर्णयाचं श्रेय

मधल्या वर्षांत संगणक सुधारतात. केस, पाणी, धूर, कापड हे सगळं दुसऱ्या भागात जास्त चांगलं दिसणारच. ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन 2’ हा ड्रीमवर्क्स स्टुडिओच्या ‘प्रीमो’ या नव्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरवर केलेला पहिला चित्रपट होता. पात्रांच्या चेहऱ्यांत जो फरक दिसतो, त्यात त्याचाही वाटा आहे. तो जरूर सांगा, पण ‘दिग्दर्शक जास्त प्रतिभावान झाला’ याचा पुरावा म्हणून वापरू नका.

कस लावायचा तो असा: ही गोष्ट पहिल्या भागाच्या वेळी करता आली असती का? आली असती, तरी केली नव्हती आणि आता केली, तर तो कलेचा निर्णय. ‘कुंग फू पांडा 2’ मध्ये पोच्या बालपणीच्या आठवणी हाताने काढलेल्या द्विमितीय शैलीत येतात. पहिल्या भागातही सुरुवातीचं स्वप्न द्विमितीय होतं, म्हणजे साधन हाताशी होतंच. पण तिथे ती शैली फुशारक्या मारणाऱ्या स्वप्नासाठी होती, इथे ती गाडलेल्या वेदनेसाठी आली. असं एक उदाहरण दहा ओळींच्या ‘काय व्हिज्युअल्स आहेत’पेक्षा जास्त काम करतं.

आवाजासाठी एक फेरी वेगळी ठेवा: हेडफोन लावा, पडद्याकडे पाठ करा आणि निवडलेले प्रसंग फक्त ऐका. ‘द लास्ट विश’मध्ये लांडगा दिसण्याआधी त्याची शीळ येते. ती कुठे-कुठे वाजते त्याच्या वेळा टिपल्या की भीती कशी रचली आहे ते उलगडतं. दोन्ही भागांचा संगीतकार एकच असेल तर जुन्या धुना नव्या प्रसंगांत कशा परततात ते ऐका. ड्रॅगनपटांना दोन्ही वेळा जॉन पॉवेल यांचं संगीत आहे, त्यामुळे तिथे हे फार चांगलं सापडतं. संगीतकार बदललेला असेल तर तुलना जपून करा.

कुठे बिघडतं

गल्ला हा पुरावा नव्हे. ‘न चा 2’ ने जगभरात दोन अब्ज डॉलरच्या वर कमाई केली आणि तो सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. यावरून तो किती लोकांपर्यंत पोचला ते कळतं, तो पहिल्यापेक्षा चांगला का आहे ते नाही. आकडा द्यायचाच तर एका वाक्यात द्या आणि पुढे सरका. लांबीचंही तसंच: ‘न चा’चा पहिला भाग 110 मिनिटांचा, दुसरा 144 मिनिटांचा. जास्तीची 34 मिनिटं कशावर खर्च झाली, हे सांगता आलं तरच तो आकडा कामाचा.

‘डार्क आहे, म्हणून चांगला’ हा फार पसरलेला गैरसमज. ‘द लास्ट विश’मध्ये मृत्यू आहे म्हणून तो चित्रपट मोठा होत नाही. जंगलात पुसचा श्वास कोंडतो तेव्हा त्याच्या सोबतचा छोटा कुत्रा पेरिटो काही न बोलता त्याच्या पोटावर डोकं टेकवतो आणि तो शांत होतो; भीतीला मिळालेल्या त्या उत्तरामुळे चित्रपट मोठा होतो. अंधार आणि उत्तर, दोन्हींबद्दल लिहा.

पहिल्या भागाला नावं ठेवून दुसऱ्याची उंची वाढत नाही. उलट वाचक पहिल्या चार ओळींतच दुरावतो. वर दिलेल्या प्रत्येक जोडीत दुसऱ्या भागाची ताकद पहिल्याने रोवलेल्या गोष्टीतूनच आलेली आहे. तेव्हा पहिल्या भागाने काय कमावलं होतं, ते मनापासून लिहा. वाचक तुमच्यावर विश्वास ठेवतो तो तिथे.

लिहायला बसल्यावर

600 ते 800 शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात निकाल आणि त्याचं मुख्य कारण एकत्र द्या: ‘पहिल्या भागात हिकपला तारणारा विश्वास दुसऱ्या भागात त्याला तोंडघशी पाडतो, म्हणून दुसरा भाग जास्त खोल जातो.’ मग पहिल्या भागाची दोन-तीन वाक्यांत ओळख, त्यानंतर तीन जोड्या. सर्वांत भक्कम जोडी शेवटी ठेवा. प्रत्येक जोडीत आधी दृश्य सांगा, मग मत. क्रम उलटा झाला की वाचक मतावरच वाद घालायला लागतो.

एक परिच्छेद उणिवांसाठी राखून ठेवा. ड्रॅगोचा भूतकाळ ओझरता येतो, ‘द लास्ट विश’मध्ये पाठलाग करणाऱ्यांची गर्दी जरा जास्तच आहे, अशी खरी तक्रार असेल तर ती लिहा आणि तरीही निकाल का बदलत नाही तेही सांगा.

स्पॉयलरची सूचना अगदी वर टाका आणि उलगडा करणारी जोडी खालच्या अर्ध्यातच येऊ द्या. ज्यांना जपून वाचायचंय त्यांच्यासाठी पहिल्या तासातली किमान एक जोडी हवी. बारमधला प्रसंग त्यासाठी योग्य आहे, स्टॉइकचा मृत्यू नाही. शीर्षकात आणि सोबतच्या चित्रात तर उलगडा कधीच नको.

शेवटी नावं तपासा. दोन भागांचे दिग्दर्शक अनेकदा वेगळे असतात: पहिला ड्रॅगनपट ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस यांनी मिळून केला, दुसरा एकट्या डेब्लॉइस यांनी, ‘पुस इन बूट्स’ ख्रिस मिलर यांचा, ‘द लास्ट विश’ जोएल क्रॉफर्ड यांचा. डब केलेली आवृत्ती पाहिली असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि आवाजाचं कौतुक मूळ कलाकाराच्या नावावर टाकू नका. संवाद उद्धृत करण्याआधी तो प्रसंग पुन्हा लावून शब्द न शब्द जुळवून घ्या.