नोकरी सांभाळून पदवी घेताना : शिष्यवृत्तीच्या अर्जात या चुका टाळा

तिशी-पस्तिशीनंतर पुन्हा महाविद्यालयात नाव घातलेले ठाणे-नवी मुंबईतील कितीतरी जण ‘आता या वयात कसली शिष्यवृत्ती’ म्हणून अर्जच करत नाहीत. जे करतात त्यांचे घोडे माझ्या पाहण्यात तरी वयापेक्षा कागदांवरच जास्त अडते.

पहिली चूक प्रवेशाच्या वेळीच होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला बोलताना सगळे ईबीसीच म्हणतात, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. पण अंशकालीन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना ती लागू नाही. सोयीसाठी दूरशिक्षणात प्रवेश घ्यायचा आणि मग महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर ही योजना शोधत बसायचे, यात वेळ तेवढा जातो. मात्र संध्याकाळी भरणारे प्रत्येक महाविद्यालय अंशकालीन असते, असे समजू नये. आपला प्रवेश नियमित म्हणून नोंदला जाणार का, हे शुल्क भरण्याआधी कार्यालयात विचारावे.

शिक्षणातील खंडाच्या (गॅपच्या) अटीनेही लोक उगाच घाबरतात. ही अट अभ्यासक्रम सुरू असताना पडलेल्या २ किंवा अधिक वर्षांच्या खंडाबद्दल आहे. बारावीनंतर १२ वर्षे नोकरी केली एवढ्यावरून स्वतःला बाद ठरवू नये. ती वर्षे झाकण्यासाठी उत्तीर्ण होण्याचे साल पुढे ढकलणे मात्र अंगाशी येते, कारण गुणपत्रिका सोबतच जोडलेली असते. खंड जसा आहे तसा दाखवावा आणि गॅप सर्टिफिकेट जोडावे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा. नोकरदार मंडळी हमखास कंपनीकडून मिळणारा पगार-कराचा फॉर्म १६ जोडतात आणि अर्ज परत येतो. दाखल्यासाठी तालुका निवडताना नवी मुंबईकरांची वेगळीच गफलत होते. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ही उपनगरे ठाणे तालुक्यात येतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. खारघरला राहून वाशीत नोकरी करणाऱ्याने पनवेलच निवडावे. ऑफिसचा पत्ता इथे उपयोगाचा नाही.

सर्वांत चिवट अडचण पैसे जमा होण्याची. दोन-तीन नोकऱ्या बदललेल्या माणसाची तितकीच पगारखाती असतात, आणि ‘माझे आधार बँकेला जोडलेले आहे’ असे तो खात्रीने सांगतो. पण केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि थेट लाभासाठी (डीबीटी) खाते आधारशी संलग्न असणे, म्हणजेच सीडिंग, वेगळे. रक्कम या दुसऱ्या नोंदीप्रमाणे जाते, आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडून तिथे कोणत्या बँकेचे नाव दिसते आणि नोंद सक्रिय आहे का, ते पाहावे. तिथे जुन्या, बंद पडलेल्या खात्याची बँक दिसली, तर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा अर्ज द्यावा.

अर्ज भरला की काम संपले, असेही नाही. महाविद्यालयाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला, तर पुन्हा सादर आपल्यालाच करावा लागतो; म्हणून मुदत संपेपर्यंत आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी. पुढच्या वर्षी नूतनीकरणही विसरू नये.

शिष्यवृत्ती बसतच नसेल, तर करसवलतीकडे वळताना एक घोटाळा टाळावा. प्राप्तिकराच्या कलम ८०सी (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलम १२३) खाली मुलांचे शिक्षण शुल्क दाखवता येते, स्वतःचे नाही. स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज घेतले असेल, तर त्याच्या व्याजाची वजावट कलम ८०ई (नव्या कायद्यात कलम १२९) खाली जास्तीत जास्त ८ वर्षे मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.