सोलमध्ये टेस्टिंग मेन्यू : काय खात नाही, ते आधीच कळवा
सोलमधील ‘मिंगल्स’सारख्या आधुनिक कोरियन रेस्टॉरंटमध्ये टेस्टिंग मेन्यूतील, म्हणजे एकामागून एक थोडे थोडे वाढल्या जाणाऱ्या पदार्थांचा क्रम आधीच ठरलेला असल्याने, आपण काय खात नाही हे टेबल आरक्षित करतानाच लेखी कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणणे पुरेसे नाही. कोरियन रश्श्यात सुकवलेल्या बारीक मासळीचा अर्क आणि किमचीत (आंबवलेल्या भाज्यांच्या तोंडीलावण्यात) खारवलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस बहुधा असतोच, म्हणून या जिन्नसांची नावे घेऊनच विचारावे. सोयाबीन आंबवून केलेले दोएनजांग हे घट्ट वाटण मूलतः शाकाहारी असते, आणि मिंगल्समध्ये तर ते गोड पदार्थातही वापरतात (हा प्रकार चुकवू नये). कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर बौद्ध मठांच्या पद्धतीचे जेवण देणारे सोलमधीलच ‘बालू गोंगयांग’ अधिक सोयीचे, कारण त्या परंपरेत हे दोन्ही वापरत नाहीत.