बुडबुड्यांच्या थव्याभोवतीचा प्रवाह आणि ऑक्सिजनचे वहन: सिम्युलेशन कसे उभारावे

सांडपाण्याच्या वातन टाकीत (हवा सोडून पाणी शुद्ध करण्याच्या टाकीत) तळातून सोडलेल्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने विरघळतो, हे गणनेने काढायचे असेल, तर अख्खी टाकी संगणकावर उभारण्याच्या फंदात पडू नये. टाकीतला एक लहानसा घन घ्यावा आणि त्याच्या समोरासमोरच्या बाजू आवर्ती ठेवाव्यात, म्हणजे वरून बाहेर पडलेला बुडबुडा खालून पुन्हा आत येतो. ४ मिलिमीटर व्यासाचे ८ बुडबुडे आणि ५ टक्के वायू धरल्यास घनाची बाजू साधारण १७.५ मिलिमीटर येते. एकच बुडबुडा ठेवला तर तो सतत स्वतःच्याच शेपटातून वर चढत राहतो आणि त्याला थवा म्हणता येत नाही.

प्रवाहाच्या समीकरणातल्या गुरुत्वाकर्षणाच्या पदातून मिश्रणाची सरासरी घनता वजा करणे विसरू नये, कारण तसे न केल्यास आवर्ती घनाला तळ नसल्याने त्यातले सगळे द्रव्य वेग वाढवत खाली कोसळू लागते. नवशिक्यांचे दिवस बहुधा इथेच वाया जातात.

गणनेसाठी घनाचे जाळीसारखे बारीक कोष्ठ पाडावे लागतात. बुडबुड्याच्या व्यासात ४० कोष्ठ, म्हणजे ०.१ मिलिमीटरची जाळी, घेतल्यास कोष्ठांची संख्या सुमारे ५४ लाख होते आणि पृष्ठताणामुळे गणनेतला प्रत्येक कालखंड (वेळेची एक पायरी) ०.०३ मिलिसेकंदाच्या आसपास ठेवावा लागतो. बुडबुड्याचा आकार आणि वेग यांच्यासाठी ही जाळी चालते. ऑक्सिजनसाठी मात्र मुळीच चालत नाही. पाण्यात ऑक्सिजनचे विसरण (रेणूंचे आपोआप पसरणे) इतके मंद असते (सेकंदाला सुमारे २×१०⁻⁹ चौरस मीटर) की, सेकंदाला २३ सेंटिमीटर चढणाऱ्या बुडबुड्याभोवतीचा संहतीचा थर (ज्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण झपाट्याने बदलते तो) हिग्बी यांच्या वायू विरघळण्याच्या वेगाविषयीच्या १९३५ च्या सूत्रानुसार जेमतेम ५ मायक्रोमीटर भरतो, म्हणजे एका कोष्ठाच्या विसाव्या भागाएवढा. त्यामुळे पृष्ठभागालगतची जाळी आपोआप बारीक होईल अशी सोय करावी, किंवा त्या कोष्ठांत थराचा आकार सूत्राने गृहीत धरून ऑक्सिजनचा प्रवाहदर काढावा. यांपैकी काहीच न करता आलेला आकडा भौतिकीचा नसून जाळीचा असतो.

वायूच्या बाजूचा अडथळा नगण्य असल्याने पृष्ठभागालगतच्या पाण्यात संपृक्त संहती धरावी. घनातला ऑक्सिजन वाढतच राहतो, म्हणून प्रवाहदराला एकूण पृष्ठफळाने आणि संपृक्त व सरासरी संहतींतील फरकाने भागावे, म्हणजे ऑक्सिजन विरघळण्याच्या वेगाचा गुणांक मिळतो. मात्र बुडबुड्यांचा सरासरी वेग स्थिरावल्यानंतरच ही नोंद सुरू करावी. उत्तर ताडून पाहण्यासाठी वरच्याच सूत्राने एकट्या बुडबुड्यासाठी मिळणारा, सेकंदाला सुमारे ०.४ मिलिमीटर हा गुणांक हाताशी ठेवावा. तो स्वच्छ पाण्याचा आहे. सांडपाण्यातल्या साबणासारख्या द्रव्यांनी बुडबुड्याचा पृष्ठभाग ताठरतो आणि गुणांक बराच खाली येतो.