सोन्याच्या प्लांटचं सिम्युलेशन: या चुका टाळा

सोनं काढणाऱ्या प्लांटचं संगणकावरचं मॉडेल फसलं की पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. मी आधी सॅम्पलिंगच्या दिवसाचं लॉगबुक मागतो. बऱ्याचदा तिथेच उत्तर असतं: सर्व्हे (प्लांटभर नमुने घेणं) चालू असताना कुणीतरी पंप बदलला, नाहीतर फीड, म्हणजे आत जाणारा दगड, कमी केला. प्लांट निदान दोन तास स्थिर चालल्याशिवाय बादली हातात घेऊ नका. आणि स्लरीची (पाणी आणि दगडाच्या चुऱ्याच्या मिश्रणाची) धार आडवी, पूर्ण कापा. कडेकडेनं भरून घेतलं तर कणांचं प्रमाण चुकतं, मग पुढची सगळी गणितं त्या चुकीवर उभी राहतात.

मास बॅलन्स (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा ताळमेळ) जुळला म्हणून खूश होऊ नका. तो जुळवून देणं हे प्रोग्रामचं कामच आहे. सायक्लोन (जाड-बारीक कण वेगळे करणारं यंत्र) अंडरफ्लोचे, म्हणजे त्यातून खाली निघणाऱ्या जाड मालाचे, मोजलेले ७२ टक्के घन त्यानं गुपचूप ६४ केले असतील, तर नमुने पुन्हा घ्या.

बाँड वर्क इंडेक्स (दगड दळायला किती वीज लागते त्याचा आकडा) कुठल्या चाळणीवर काढला, हे रिपोर्टात बघा. ७५ मायक्रॉनचं दळण हवं असेल तर साधारण १०६ मायक्रॉनच्या चाळणीवरची चाचणी लागते. दळण किती बारीक, यावर वीज किती फिरते बघा: इंडेक्स १५, फीडचा एफ-८० (ज्या आकाराखाली ८० टक्के फीड असतो) २००० मायक्रॉन, दळलेल्या मालाचा तसाच आकडा, पी-८०, १०६ ठेवला तर टनामागे सुमारे ११.२ युनिट, ७५ केला तर जवळपास १४. ताशी १०० टनांच्या मिलला हा फरक २७५ किलोवॅटच्या आसपास जातो.

आता सगळ्यात महाग चूक: सोनं दगडासारखंच वागतं असं धरणं. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. त्यामुळे ३० मायक्रॉनचा सोन्याचा कण पाण्यात साधारण १०० मायक्रॉनच्या गारगोटीच्या वेगानं खाली बसतो. सायक्लोनमध्ये तो अंडरफ्लोला जातो, मिलमध्ये परततो, पुन्हा अंडरफ्लोला. वर सोनं मऊ. फुटायच्या ऐवजी चपटं होतं. लायनर (मिलचं आतलं अस्तर) बदलायला मिल उघडली की फटींतल्या गाळात ते सापडतं, उगाच नाही. जेकेसिममेटसारख्या दळणाच्या प्रोग्राममध्ये सगळा फीड एकच दगड समजून चालवलात, तर हे फिरणारं सोनं दिसणारच नाही आणि ग्रॅव्हिटी कॉन्सन्ट्रेटर (जडपणावरून सोनं वेगळं करणारं यंत्र) बिनकामाचा वाटेल. उपाय कंटाळवाणा, पण दुसरा नाही: सायक्लोनचा ओव्हरफ्लो (वरून निघणारा बारीक माल) आणि अंडरफ्लो चाळून प्रत्येक आकाराचं वेगळं ॲसे (सोन्याचं प्रमाण मोजणं) करा, आणि मॉडेलमध्ये सोन्याची विभागणी स्वतंत्र बसवा.

लीचिंगमध्ये, म्हणजे सोनं द्रावणात विरघळवताना, सरासरी वेळेवर विसंबू नका. सहा टाक्या, एकूण २४ तास. टाक्या आदर्श ढवळल्या जात असल्या तरी सुमारे ८ टक्के स्लरी १२ तासांच्या आत बाहेर पडते. प्रयोगशाळेत लीचिंगची चाचणी बंद बाटलीत होते, तिथे असं होत नाही, म्हणून तिचा २४ तासांचा आकडा थेट मॉडेलमध्ये टाकला की रिकव्हरी फुगते.

एका सर्व्हेवर बसवलेलं मॉडेल त्याच सर्व्हेवर तपासणं म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासणं. दुसऱ्या दिवसाचे, वेगळ्या टनेजचे नमुने बाजूला ठेवा.

बाटलीच्या चाचणीत द्रावणातलं सोनं आधी चढून मग उतरताना दिसलं, तर मॉडेलमधला दर-स्थिरांक (सोनं विरघळण्याच्या वेगाचा आकडा) बदलत बसू नका. दगडातला कार्बन ते परत शोषत असू शकतो. तीच चाचणी बाटलीत ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकून पुन्हा करा. रिकव्हरी स्पष्ट वाढली, तर मॉडेलमध्ये शोषणाचा वेगळा भाग घालावाच लागेल.